मद्यशालेतली हाणामारी आणि राहून गेलेला हिशेब

१/२४
दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी एक मद्यशाला मेजावर मांडलेली आहे. बोटाच्या पेराएवढी बाके, पिंपे, जिना, पेटलेली चूल. तिच्यात जेमतेम इंचभर उंचीच्या दहा-बारा मूर्ती आहेत: कुऱ्हाड घेतलेला बुटका, एक एल्फ, दोन भाडोत्री शिपाई, एक जादूगार. फासे पडतात, कुणीतरी स्टूल उचलतो आणि हाणामारीला तोंड फुटते. आजचा थ्रेड या खेळाविषयी आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या खऱ्या इतिहासाविषयी.

२/२४
माझे मत आरंभीच मांडतो. इतिहासाची दृष्टी घडवण्याच्या कामी हा किरकोळ वाटणारा डाव वॉटर्लूच्या भव्य मांडणीपेक्षा अधिक उपयोगी आहे. मात्र तो ज्या रीतीने बहुधा खेळला जातो, तिच्यात एक मोठी उणीव आहे. मद्यशालेचा मालक, त्याचे नोकर आणि मोडलेल्या सामानाचा हिशेब यांना त्यात जागाच नसते. खऱ्या इतिहासात मात्र अशा हाणामाऱ्या अनेकदा हिशेबावरून पेटल्या आणि हिशेबापाशीच येऊन थांबल्या.

३/२४
ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजावरच्या युद्धखेळांत ‘चकमक’ म्हणजे ज्यात एक मूर्ती ही एकच व्यक्ती असते असा खेळ. मूर्ती साधारणतः २८ मिलिमीटर प्रमाणाच्या आणि प्रत्येक गड्याकडे पाच ते दहा. चाल इंचांत मोजायची, वार लागला की हुकला ते फाशांनी ठरवायचे. मद्यशालेत जागा अरुंद, म्हणून प्रत्येक वस्तूला दुहेरी अर्थ येतो. मेज म्हणजे अडथळा. तेच उलथले की आडोसा. सुरई म्हणजे पेय. तीच भिरकावली की अस्त्र.

४/२४
हा खेळ इथवर आला तो मोठ्या सैन्यांकडून एकेका माणसाकडे सरकत. १८२४ मध्ये प्रशियाचा तरुण लष्करी अधिकारी फॉन राइसविट्झ याने ‘क्रीगस्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. खराखुरा नकाशा, फासे, आणि दोन्ही बाजूंना जेवढे दिसू शकेल तेवढेच सांगणारा पंच अशी त्याची रचना होती. अधिकाऱ्यांना डावपेच शिकवणे हा त्याचा हेतू. त्यात ठोकळा म्हणजे पलटण. पलटणीतल्या माणसाला नाव असण्याचे कारणच नव्हते.

५/२४
१९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले आणि हा खेळ छावणीतून दिवाणखान्यात आणला. जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडायचे आणि स्प्रिंगच्या छोट्या तोफेने त्यांना पाडायचे. लुटुपुटीचे युद्ध खेळून पाहणाऱ्याला खरे युद्ध किती आंधळे आणि अवाढव्य असेल याची कल्पना येईल, असे त्याने पुस्तकाच्या शेवटी मांडले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळातून युद्धाचा तिटकारा शिकवू पाहणारा हा माणूस आपण विसरू नये.

६/२४
मग प्रमाण बदलू लागले. १९७० मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या एका गटाने अमेरिकेच्या ‘वाइल्ड वेस्ट’मधील बंदूकबाजीचे नियम काढले. त्यांत प्रत्येक मूर्ती म्हणजे एक माणूस. १९७१ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ आले. मोठ्या लढाईत एक मूर्ती म्हणजे २० माणसे. पण त्याच पुस्तकात माणसास माणूस भिडण्याचे वेगळे नियम होते, आणि जादूगार, ड्रॅगन यांची एक पुरवणीही होती. आजच्या अद्भुत चकमकीचे मूळ या पुरवणीशी येऊन पोहोचते.

७/२४
याच सुमारास मिनेसोटात डेव्ह वेसलीने नेपोलियनकाळातला एक डाव मांडला. ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावावर दोन सैन्ये चालून येत आहेत. वेसलीने सेनापतींखेरीज इतर गड्यांना गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या. त्यांत नगराध्यक्ष होता, विद्यापीठाचा प्रमुखही होता. लढाई बाजूलाच राहिली आणि गडी आपसांत कारस्थाने करू लागले. त्या गटातल्या डेव्ह आर्नेसनने हे सूत्र पुढे नेले आणि गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ सिद्ध केले. न लढणारी माणसे मेजावर आली आणि एक नवा खेळ जन्मला, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

८/२४
आता प्रश्न असा की अद्भुतकथेला मद्यशालाच का हवी? फ्रिट्झ लायबरचे दोन भटके वीर १९३९ पासून लँखमार नगरीत वावरले आणि ‘सिल्व्हर ईल’ ही मद्यशाला त्यांचे दुसरे घर झाली. टोल्किनच्या १९५४ च्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’मध्ये ‘प्रान्सिंग पोनी’ आहे. अनोळखी माणसे एका छपराखाली येण्याची ती जागा आहे. परका, चोर, सरदार आणि हेर एकाच बाकावर बसू शकतात असे दुसरे ठिकाण त्या जगात क्वचितच सापडते.

९/२४
टोल्किनने एक गोष्ट केली, जी त्याच्या वारसांनी बहुधा सोडून दिली. रात्री त्या सरायीवर हल्ला होतो, पाहुण्यांची तट्टे पळवून लावली जातात. दुसऱ्या दिवशी सरायवाला बटरबर स्वतःच्या खिशातून चांदीचे १२ पेनी मोजून त्यांना एक तट्टू घेऊन देतो आणि वर १८ पेनी भरपाई देऊ करतो. महाकाव्याच्या तोलाच्या कथेत एका सरायवाल्याचा जमाखर्च येतो. वीर निघून जातात. तोटा सोसून तिथेच राहतो तो मालक.

१०/२४
आता काल्पनिक मद्यशालेतून खऱ्या घरात जाऊ. ३० मे १५९३, लंडनजवळचे डेप्टफर्ड. नाटककार क्रिस्टोफर मार्लो वयाच्या २९ व्या वर्षी मारला गेला. ‘मद्यशालेतल्या भांडणात मेला’ हे वाक्य आपण शेकडो ठिकाणी वाचतो. १९२५ मध्ये लेस्ली हॉटसन या अभ्यासकाने मृत्यूच्या चौकशीचा मूळ लॅटिन अहवाल अभिलेखागारातून शोधून प्रसिद्ध केला. त्यात मद्यशालेचा उल्लेख नाही. एलिनॉर बुल नावाच्या विधवेचे घर, एवढेच आहे.

११/२४
तो अहवाल वाचताना चकमकीच्या डावाची मांडणी वाचत असल्याचा भास होतो. चार पुरुष सकाळी दहाच्या सुमारास भेटले, जेवले, बागेत फिरले, संध्याकाळी सहाला आत आले, पुन्हा जेवले. नंतर बिलावरून वाद झाला. मार्लो पलंगावर पडला होता. इन्ग्रॅम फ्रायझर पलंगाकडे पाठ आणि मेजाकडे तोंड करून बसला होता. निकोलस स्कीअर्स आणि रॉबर्ट पोली त्याच्या दोन्ही बाजूंना इतके खेटून होते की त्याला निसटता येईना.

१२/२४
अहवाल पुढे म्हणतो: मार्लोने फ्रायझरच्या कमरेचा खंजीर मागून ओढला आणि त्याच्या डोक्यावर दोन जखमा केल्या. झटापटीत तोच खंजीर मार्लोच्या उजव्या डोळ्यावर दोन इंच खोल गेला. खंजिराची किंमत नोंदवली आहे १२ पेनी. कारण त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार मृत्यूला कारण झालेली वस्तू किंवा तिचे मोल राजाकडे जमा होई. हा नियम १८४६ पर्यंत टिकला. एका थोर नाटककाराच्या मृत्यूच्या कागदावर शस्त्राचा भाव लिहिलेला आहे.

१३/२४
आता हे मेजावर मांडून पाहा. एक पलंग, एक मेज, एक बाक, चार मूर्ती. पडलेल्या माणसाने बसलेल्यावर मागून वार केले, तर जखमा उथळ का? शेजारचे दोघे काय करीत होते? बसल्या जागेवरून वळून डोळ्यावर वार कसा बसतो? घटना पाहणारे तिघेही वाचलेल्यांच्या पक्षातले. त्यातला पोली हा सरकारी हेरगिरीत मुरलेला. १६ पंचांनी स्वसंरक्षण मान्य केले आणि २८ जूनला फ्रायझरला राणीची माफी मिळाली. संशय पुस्तक वाचूनही येतो. मूर्ती मांडल्या की तो अंतराच्या आणि कोनाच्या भाषेत बोलू लागतो.

१४/२४
आणि एलिनॉर बुल? जिच्या घरात रक्त सांडले, तिच्या तोंडचा एकही शब्द त्या अहवालात नाही. त्या दिवशी घरात स्वयंपाक करणारे, वाढणारे कुणी होते का, ते काय म्हणाले, तेही नाही. ज्या बिलावरून वाद झाला ते बिल अखेर भरले कुणी? चार पुरुषांच्या कथेत घराची मालकीण केवळ पत्त्यापुरती उरली. आपल्या मेजावरच्या मद्यशालेतही मालक असाच पत्त्यापुरता असतो.

१५/२४
दुसरे उदाहरण. १० फेब्रुवारी १३५५, सेंट स्कोलॅस्टिकाचा दिवस, ऑक्सफर्ड. स्विन्डलस्टॉक मद्यशालेत विद्यापीठातल्या काही जणांनी वाइन भिकार असल्याची तक्रार केली. शब्दाने शब्द वाढला आणि वाइनचे भांडे मालकाच्या डोक्यावर बसले. गावाने सेंट मार्टिनची घंटा वाजवली, विद्यापीठाने सेंट मेरीची. आसपासच्या खेड्यांतली माणसे धावून आली. तीन दिवस दंगल चालली. परंपरेने सांगितला जाणारा आकडा: विद्यापीठाचे ६३ मृत, गावचे सुमारे ३०. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

१६/२४
त्याचा हिशेब किती काळ चालला? तिसऱ्या एडवर्डने विद्यापीठाची बाजू घेतली. गावातल्या पाव आणि एल यांच्या भावांवर, वजनमापांवर विद्यापीठाचा अधिकार बसला. दरवर्षी त्याच दिवशी महापौर आणि नागरिकांनी चर्चमध्ये जाऊन ६३ पेनी अर्पण करावेत, असे प्रायश्चित्त ठरले. ते १८२५ मध्ये एका महापौराने नाकारले तेव्हा संपले. औपचारिक समेट झाला १९५५ मध्ये, घटनेला ६०० वर्षे होताना. खेळातली मारामारी सहा फेऱ्यांत आटोपते. ही सहा शतके चालली.

१७/२४
तिसरे उदाहरण पॅरिसचे. १२२९ मध्ये लेंटपूर्व सणाच्या दिवसांत सेंट मार्सेल उपनगरात विद्यार्थी आणि मद्यशालेचा मालक यांच्यात बिलावरून जुंपली. विद्यार्थी मार खाऊन परतले. दुसऱ्या दिवशी सोटे घेऊन आले आणि मोडतोड केली. राजमाता ब्लांश हिच्या कारकिर्दीतल्या शिपायांनी जी कारवाई केली, तिच्यात विद्यार्थी मारले गेले. विद्यापीठ सुमारे दोन वर्षे बंद राहिले, अध्यापक आणि विद्यार्थी परगावी गेले. १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने ‘पारेन्स सायन्शियारुम’ हे आज्ञापत्र काढून विद्यापीठाचे स्वतंत्र अधिकार मान्य केले. विद्यापीठांच्या स्वायत्ततेच्या इतिहासातले एक पान वाइनच्या डागाने सुरू होते.

१८/२४
चौथे उदाहरण लहान, पण मला सर्वांत प्रिय. एप्रिल १६०४, रोममधली एक खानावळ. चित्रकार काराव्हाज्योसमोर आठ आर्टिचोक आले: चार लोण्यातले, चार तेलातले. कोणते कशातले, असे त्याने विचारले. वाढप्याने एक उचलून हुंगला. काराव्हाज्योने थाळी त्याच्या तोंडावर भिरकावली. हे आपल्याला कळते, कारण पिएत्रो नावाच्या त्या वाढप्याने रीतसर फिर्याद केली. कलेच्या इतिहासातला हा प्रसिद्ध प्रसंग एका जखमी नोकराच्या जबानीमुळे टिकला आहे.

१९/२४
चारही प्रसंगांत एक सूत्र दिसते. वादाचे कारण बहुतेक वेळा क्षुद्र: बिल, वाइनची चव, तेल की लोणी. आणि नोंद राहते ती चौकशी, दंड, फिर्याद यांची. वीरश्रीने कागद मागे ठेवले नाहीत, नुकसानीने ठेवले. इतिहासप्रेमी म्हणून आपल्याला सेनापतींची नावे तोंडपाठ असतात. पण आपण जे वाचतो, त्यातला मोठा भाग कारकुनांनी, पंचांनी आणि तक्रारदारांनी लिहून ठेवला म्हणून आपल्या हाती आला आहे.

२०/२४
यावर एक आक्षेप येईल: खेळ हा खेळ आहे, एल्फ आणि बुटक्यांच्या मारामारीला इतिहासाच्या तराजूत कशाला घालता? आक्षेप वजनदार आहे. स्टूल डोक्यात बसल्यावर सारे हसतात, ते निर्भेळ हसू आहे आणि ते जपले पाहिजे. पण याच खेळातून बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या मनात ‘जुना काळ’ आकार घेतो. त्या काळात माणसे उठता-बसता तलवार उपसत आणि कुणी काही विचारत नसे, हा समज तिथूनच पक्का होतो. कागदपत्रे उलट सांगतात. डेप्टफर्डमध्ये तिसऱ्या दिवशी १६ पंच बसले होते.

२१/२४
म्हणून चार साधे नियम सुचवतो. कोणत्याही नियमपुस्तिकेत ते बसतील.
एक: मालक आणि दोन नोकर यांच्या मूर्ती मांडा. ते कुणाच्याच बाजूचे नाहीत. दर फेरीला फासा टाकून ते दाराकडे किंवा जिन्याखाली सरकतात.
दोन: प्रत्येक बाक, सुरई, पिंप यांची किंमत आधी ठरवा. जे मोडेल ते वहीत मांडा आणि जिंकणाऱ्याच्या गुणांतून वजा करा.
तीन: सुरुवात मुठींनी. पाते पहिल्यांदा ज्या फेरीत बाहेर येईल, तिच्यापासून मोजून तीन फेऱ्यांत नगररक्षक दारात येतात.

२२/२४
चार, आणि हा नियम सर्वांत महत्त्वाचा: डाव संपला की चौकशी. प्रत्येक गड्याने एकमेकांना न दाखवता काय घडले ते पाच ओळींत लिहावे. न खेळलेल्या एका मित्राने पंच होऊन त्या वाचाव्यात आणि निकाल द्यावा. मग प्रत्येक फेरीचे मोबाइलवर काढलेले फोटो पाहावेत. डोळ्यांदेखत घडलेल्या घटनेविषयी चार प्रामाणिक माणसे किती वेगळे लिहितात, हे पाहिल्यावर मार्लोच्या अहवालातला गुळगुळीतपणा तुम्हाला आपोआप खटकू लागेल. साधनांची चिकित्सा शिकवणारा याहून रंजक तास मला माहीत नाही.

२३/२४
न लढणाऱ्यांना जागा देणे आपल्याला परके नाही. दिवाळीत महाराष्ट्रातली मुले मातीचा किल्ला करतात. वर सिंहासनावर शिवराय, तटावर मावळे. पण पायथ्याशी हळिवाची हिरवी शेते, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, भाजीवाली, वासुदेव आणि गुहेत वाघ. प्रमाणाचे गणित साफ चुकते, गवळण बुरुजाहून उंच होते. तरी त्या किल्ल्यात एक जाण आहे: गड राखला जातो तो पायथ्याच्या माणसांसाठी. ती माणसे काढून घेतली तर उरते ती केवळ तटबंदी. मेजावरच्या मद्यशालेला हीच जाण लावायची आहे.

२४/२४
पुढच्या वेळी डाव मांडाल, तेव्हा चुलीशेजारी एक मूर्ती जास्त ठेवा. तिला शस्त्र देऊ नका, नाव द्या. हवे तर एलिनॉर किंवा पिएत्रो. सारे पडले, पळाले, जिंकले की तिच्याकडून पाहा: कोणते बाक मोडले, जमिनीवरचे रक्त कोण पुसणार, उद्या दार कोण उघडणार आणि वाइनचे पैसे कोण देणार. तिथून दिसणारी हाणामारी फार वेगळी असते. इतिहास पाहायलाही तीच जागा बरी.
(समाप्त)